गावफेरी

गुरुजींच्या आईच्या जुन्या नऊवारीत पेटी गुंडाळायची आणि गोव्याच्या कदंब बसमध्ये ती मांडीवर घेऊन बसायचं. हा मान कुणाला मिळणार, यावरून आमची दर वेळी भांडणं होत. फोंड्याजवळच्या आमच्या संगीतशाळेत या दौऱ्यांना गावफेरी म्हणत. शाळा देणग्यांवर चाले. ज्याला फी परवडत नसे, त्याच्याकडे ती कुणी मागत नसे. आणि ज्यांना शाळेपर्यंत येताच येत नाही, त्यांच्याकडे शाळेनेच जायचं, हा गुरुजींचा शिरस्ता होता.

फेऱ्या ठरलेल्या असत. श्रावणात एखाद्या वाड्यावरच्या देवळात भजन, चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, झाली की वृद्धाश्रम, नाताळच्या सुट्टीआधी खाणपट्ट्यातली एखादी प्राथमिक शाळा आणि मे महिन्यात कुर्डी.

श्रावणातलं भजन म्हणजे तबल्याशी झुंजच. हवा इतकी दमट की पुडी सैल पडायची आणि गट्टे कितीही ठोकले तरी सूर चढायचा नाही. मग देवळातला बल्ब खाली ओढून त्याच्या उबेला तबला धरायचा. घुमट, म्हणजे मातीच्या घटाला कातडं लावलेलं गोव्याचं तालवाद्य, वाजवणारा मुलगा तर थेट प्रसादाच्या चुलीपाशी जाऊन बसे. घुमटाला पूर्वी घोरपडीचं कातडं लावत. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यावर बंदी आली, त्यामुळे आमचं घुमट बकरीच्या कातड्याचं. गुरुजी त्याला तबल्याच्या बरोबरीने बैठकीत मांडत. 2019 मध्ये सरकारने घुमटाला राज्याचं वारसा वाद्य म्हणून जाहीर केलं, तेव्हा मला पहिल्यांदा ती मांडणीच आठवली.

वृद्धाश्रमात मी पहिल्यांदा गायले तेव्हा बारा वर्षांची होते. भीमपलासातला अभंग, आणि भीतीने लय अशी धावलेली की तबलजी मुलगा घामाघूम. पुढच्या रांगेत एक आजी होत्या. तोवर त्यांनी कुणाशी एक शब्दही बोललेला नव्हता. त्यांनी माझा हात ओढून घेतला आणि माझ्या तळव्यावर दोन बोटांनी ठेका धरला. "सवकास गो बाय," एवढंच म्हणाल्या. आमच्याकडे बोलणं कोकणीत आणि भजन मराठीत, त्यात कुणाला काही वेगळं वाटत नाही. अभंग संपेपर्यंत त्यांची बोटं थांबली नाहीत आणि माझी लय त्यांच्या बोटांबरोबर खाली आली. पुढच्या वर्षी मी दिसताच त्यांनी काही न बोलता हात पुढे केला. लय म्हणजे काय ते मला शाळेत शिकवलं होतं, पण कळलं ते तिथे.

कुर्डीची फेरी मात्र वेगळीच. सांगे तालुक्यातलं हे गाव साळावली धरणाच्या पाण्याखाली गेलं. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की त्याची जमीन वर येते. भेगाळलेली माती, घरांचे चौथरे, विहिरींचे कठडे. विस्थापित झालेली माणसं मे महिन्यात सोमेश्वराच्या उत्सवाला तिथे परत येतात. कुणी लेकराला बोट धरून नेतं आणि सांगतं, हे आपलं अंगण, इथे आपली तुळस होती.

याच गावात 1904 साली मोगूबाई कुर्डीकर जन्मल्या. अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या, किशोरी आमोणकरांच्या आई आणि गुरू, 1974 साली पद्मभूषण. गुरुजी हे सगळं आम्हाला बसमध्येच सांगून ठेवत. गावात पोहोचल्यावर ते काही बोलत नसत.

सावलीला एक झाड नाही. देवळाजवळ घातलेल्या मंडपात आम्ही बसत असू. तिथे ध्वनिक्षेपक नको, असं गुरुजींनी एकदाच सांगितलं होतं. तानपुऱ्याच्या तारा उन्हाने उतरत, पुन्हा लावाव्या लागत, आणि तेवढा वेळ लोक शांत बसून राहत. मला वाटतं, इतक्या निवांतपणे जुळवाजुळव ऐकणारे श्रोते मला पुढे कुठल्याच सभागृहात भेटले नाहीत. मग लहान मुली सारंगातली बंदिश म्हणत. शेवटी भजन, आणि त्यात सगळा मंडप टाळ्या धरे. एका वर्षी एक काका गाणं संपल्यावर पेटीजवळ आले, एक पट्टी हलकेच दाबून त्यांनी सूर ऐकला आणि म्हणाले, "आमच्या घराकडे तोंड करून वाजवा की जरा." आम्ही पेटी फिरवली. समोर चार दगडांचा चौथरा होता.

दुसऱ्या दिवशी शाळेत पेटी उघडली की पट्ट्यांखालून कुर्डीची माती निघायची. गुरुजी ती ब्रशने कागदावर जमवत आणि शाळेच्या तुळशीत घालत.