हाताची जागा सापडली, मग आता काय शोधता?

मोटर कॉर्टेक्सवर, म्हणजे शरीराच्या हालचाली घडवणाऱ्या मेंदूच्या पट्ट्यावर, काम करते असं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "मेंदूत हात कुठे, पाय कुठे, हे केव्हाच सापडलंय ना? मग तुम्ही अजून काय शोधता?" परवा तुम्हीही हेच विचारलंत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सापडलंय, हे खरंच. १८७० साली बर्लिनमध्ये फ्रिच आणि हिट्झिग यांनी कुत्र्याच्या उघड्या मेंदूवर हलकी वीज सोडली आणि उलट्या बाजूचा पाय हलला. (हे प्रयोग हिट्झिगच्या घरी, त्याच्या बायकोच्या ड्रेसिंग टेबलावर झाले असं सांगतात. बाईंना काय वाटलं असेल, देव जाणे.) १९३७ मध्ये मॉन्ट्रियलचे पेनफील्ड आणि बोल्ड्री यांनी रुग्ण जागा असताना केलेल्या मेंदूच्या शस्त्रक्रियांतून माणसाच्या मेंदूचा नकाशा मांडला. पाय वर, मधल्या फटीत, हात मध्ये, तोंड खाली. मोठ्ठे ओठ आणि अवाढव्य अंगठ्याचं ते पाठ्यपुस्तकातलं ध्यान याच कामातून आलं.

ते चित्र फारच नीटनेटकं आहे, हीच माझी तक्रार. त्यांच्याच नोंदींत शेजारशेजारच्या अवयवांच्या जागा एकमेकींवर चढलेल्या दिसतात. शिवाय सीमा कुठे आखायची हे तुम्ही काय मोजता यावर ठरतं. एकाच गावाचा तलाठ्याचा नकाशा वेगळा आणि पोस्टमनचा वेगळा, तसंच हे. ब्रॉडमनने १९०९ मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली पेशींची रचना पाहून मोटर भागाला ४ आणि त्याच्या पुढच्या पट्ट्याला ६ असे क्रमांक दिले. पुढे वीज देऊन, तंतू कुठे जातात ते शोधून, एकेका पेशीचे संदेश टिपून पाहिलं तेव्हा क्रमांक ६ हा एकसंध भाग उरलाच नाही, त्याचे तुकडे पडले.

माझं सगळ्यात आवडतं उदाहरण याच क्रमांक ६ मधल्या, मेंदूच्या दोन अर्धगोलांमधल्या फटीतल्या सप्लिमेंटरी मोटर एरियाचं, आमच्या बोलीत एसएमएचं. १९९२ मध्ये जपानमधल्या मात्सुझाका, आइझावा आणि तांजी यांनी माकडांत दाखवलं की त्याचा पुढचा भाग निराळाच आहे. मागच्या भागाला थोडीशी वीज दिली तरी हातपाय हलतात आणि तो स्पर्शाला, सांध्यांच्या हालचालीला प्रतिसाद देतो. पुढच्याला डोळ्यांसमोरचे इशारे कळतात, पण त्याच्याकडून हालचाल सहजी मिळत नाही. हा पुढचा भाग म्हणजे प्री-एसएमए. शेजारी असूनही त्यांची कामं अशी वेगळी.

क्रमांक ४ तरी ठाम आहे का? प्रिन्स्टनच्या ग्राझियानो यांनी २००२ मध्ये माकडाच्या या भागात नेहमीपेक्षा बराच जास्त वेळ, साधारण अर्धा सेकंद, वीज दिली. नुसतं बोट थरथरलं नाही. मूठ वळली, हात तोंडाकडे गेला आणि तोंड उघडलं. मग तिथे स्नायू मांडलेले आहेत की कृती? हा वाद अजून मिटलेला नाही. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या सेंट लुइसच्या गटाने एकेका माणसाचे तासन्‌तास स्कॅन घेतले, तेव्हा पाय, हात आणि तोंड यांच्या पट्ट्याला तोडणारे तीन तुकडे दिसले. ते एकमेकांशी आणि कृतीचा बेत आखणाऱ्या जाळ्याशी जोडलेले आहेत. अनेकांच्या स्कॅनची सरासरी काढली की हे बारकावे पुसले जातात, म्हणून मी सरासरीवर फारसा विश्वास ठेवत नाही.

"याचा उपयोग काय?" हेही तुम्ही विचारणारच. एसएमएमधली गाठ काढल्यावर रुग्णाची वाचा जाऊ शकते, उलट्या बाजूचे हातपाय हलेनासे होतात. घरचे हबकतात. पण ही अवस्था बहुतेक वेळा काही आठवड्यांत ओसरते. तिथून लगेच मागे पायाची मुख्य जागा सुरू होते, आणि तिला धक्का लागला तर पाय कायमचा लुळा पडू शकतो. म्हणून शस्त्रक्रियेआधी सर्जनला ती सीमा त्याच रुग्णाच्या मेंदूत दाखवून हवी असते. पाठ्यपुस्तकातली त्याला चालत नाही.