आमच्याकडे होतं

रविवारची दुपार. बायको तिच्या बहिणीकडे गेलेली, जाताना "साडेबाराला कुकर लाव, चिपटंभरच लाव, मागच्या वेळसारखं करू नको" असं बजावून गेली. तांदळाच्या डब्यात हात घातला तर चिपटं, म्हणजे आमचं तांदूळ मोजायचं माप, गायब. आमच्याकडे ते डब्यातच असतं, तांदळात अर्धं रुतलेलं. डिशरॅक बघितला, सिंक बघितलं, फ्रीजसुद्धा बघितला (आमच्या फ्रीजमध्ये काहीही सापडतं, एकदा टीव्हीचा रिमोट सापडला होता). शेवटी ते लेकीच्या टेबलावर मिळालं. त्यात चार हायलायटर, एक कात्री, एक मोडका कंगवा, आणि मागे भिंतीवर त्या लुकलुकणाऱ्या दिव्यांची माळ. "बाबा असू दे ना, कसलं व्हिंटेज दिसतंय!"

व्हिंटेज म्हणजे पितळेचं साधं माप. कमरेत किंचित बारीक, काठाला एक पोचा, आणि बाहेरून ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं आजीचं माहेरचं नाव, त्यातलं आडनाव घासून घासून गेलंय. दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली, सोळा पायल्यांचा मण, हे मला अजून झोपेतसुद्धा म्हणता येतं आणि कुरिअरवाल्याने स्वतःच्या घराचा पिनकोड विचारला की दोन सेकंद थांबावं लागतं.

पण ते हायलायटर बघून मला जरा धसकाच बसला. कारण हे कुठे जातं ते मी बघितलेलं आहे. आधी त्यात पेनं ठेवतात. मग ते शोकेसमध्ये जातं. मग काचेआड, शेजारी एक पाटी, आणि पाटीवर 'धान्य मोजण्याचे माप'. संपलं.

मला एक खोड आहे आणि घरचे सगळे तिला वैतागलेत. कुठल्याही गावाला गेलं की तिथलं चित्रविचित्र छोटं संग्रहालय शोधायचं. मोठी नकोत. मोठ्या म्युझियममध्ये पाय दुखतात आणि दोन दालनांनंतर सगळ्या मूर्ती सारख्या दिसायला लागतात, उगाच खोटं का बोला. मला कुलपं, झारे, वजनं, चमचे असलं काहीतरी ठेवलेली जागा लागते. एकदा दिल्लीला गेलो होतो, सगळे लाल किल्ल्याच्या तयारीत आणि मी त्यांना घेऊन गेलो पालमच्या बाजूला, सुलभवाल्यांच्या टॉयलेट म्युझियमला. बिंदेश्वर पाठकांनी १९९२ साली काढलेलं. हसू नका, फार नीट मांडलंय. फ्रान्सच्या चौदाव्या लुईचं सिंहासन, म्हणजे त्याची नक्कल, बसायची जागा उचलली की खाली शौचाची सोय. बायको म्हणाली, "हे बघायला आपण राजधानी एक्सप्रेसने आलो." अजून म्हणते. नातेवाईक जमले की तर म्हणतेच.

इंग्लंडमध्ये चुलतभावाकडे गेलो होतो तेव्हा त्यालाही असाच पिडला, केझिक नावाच्या गावात पेन्सिलींचं म्युझियम आहे तिथे नेलं. जवळच्या डोंगरात ग्रॅफाइट सापडलं म्हणून त्या भागात पेन्सिली. जवळपास आठ मीटर लांबीची एक रंगीत पेन्सिल आहे तिथे, ती बघून काही वाटलं नाही. पण दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांसाठी केलेल्या पेन्सिली, आत गुंडाळलेला नकाशा आणि बुडाशी इवलंसं होकायंत्र, त्यापाशी मी इतका वेळ थांबलो की भाऊ गाडीत जाऊन झोपला. बाहेरून अगदी साधी पेन्सिल हो, शाळेत शेजारच्याने मागितली तर देऊन टाकू अशी.

ही खोड लागली कुठे ते मला बरोबर ठाऊक आहे. पाचवीत साताऱ्याहून शाळेची ट्रिप पुण्याला गेली होती, लाल डब्यातून, अर्ध्या पोरांना खंबाटकीत उलट्या. शनिवारवाडा झाला, पेशवे पार्क झालं, आणि मग केलकर म्युझियम. रांगेत चालायचं, हाताची घडी, कशाला हात लावायचा नाही. आणि एका कपाटात वज्री! पाय घासायची वज्री. आमच्या न्हाणीघरात बंबाशेजारी पडलेली असायची तशीच, फक्त ही नक्षीची. मी रांग सोडून ओरडलो, "सर, ही आमच्याकडे आहे!" झालं, मागून सगळी पोरं सुरू. अडकित्ता दिसला, आमच्याकडे आहे. समई, आमच्याकडे दोन आहेत. फणेरपेटी, माझ्या आज्जीकडे आहे. सर आधी चिडले, मग म्हणाले, "एवढं सगळं घरी आहे तर तिकिटं कशाला काढली रे गाढवांनो?"

या प्रश्नाला मला अजून उत्तर सापडलेलं नाही.

पुढे नोकरीला पुण्यातच आलो आणि तिथे बऱ्याच वेळा गेलो. काका केलकर म्हणजे चष्म्याच्या दुकानातला माणूस, 'अज्ञातवासी' नावाने कविता करायचा, आणि १९२० च्या आसपास वस्तू गोळा करायला लागला तो थांबलाच नाही. मुलगा राजा लहानपणीच गेला, त्याचं नाव संग्रहालयाला. १९६२ साली सगळा संग्रह सरकारला देऊन टाकला. वीस हजारांच्या वर वस्तू आहेत म्हणे आणि मांडलेल्या त्यातल्या अडीच हजारांच्या आसपास. बाकीच्या कुठे कशा ठेवल्या असतील याचा विचार केला की मला आमचा माळा आठवतो आणि मी विचार थांबवतो. येणारे सगळे मस्तानी महालाच्या दिशेने पळतात, फोटो चांगले येतात म्हणून. मी अडकित्त्यांपाशी असतो. जोडप्यांच्या आकाराचे, घोड्यांच्या आकाराचे, कुणाला एवढा वेळ होता कोण जाणे. आमच्या आजोबांचा अगदी साधा होता, लोखंडी, एक दांडा वाकलेला. दुपारी जेवणं झाल्यावर ओसरीतून 'कट्' असा आवाज यायचा आणि मग पाचेक मिनिटं शांतता आणि परत 'कट्'. या आवाजावर आम्ही पोरं झोपायचो. काचेआडचा अडकित्ता आवाज करत नाही एवढीच माझी तक्रार, आणि ती कुणाकडे करायची.

मग अहमदाबाद. मेव्हण्याच्या कामानिमित्त गेलो होतो, तो म्हणाला रात्री विशालाला जेवायला जाऊ. खेड्यासारखी केलेली जागा, कंदिलाचा उजेड, खाली बसून बाजरीचा रोटला, पांढरं लोणी, गूळ. जेवण छानच, पण त्या आवारातच भांड्यांचं संग्रहालय आहे हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं! 'विचार' हे त्या संग्रहालयाचं नाव. सुरेंद्र पटेल म्हणून गृहस्थ, त्यांच्या लक्षात आलं की स्टील आणि प्लॅस्टिक आलंय आणि गावोगावची पितळी-तांब्याची भांडी लोक भंगारात घालतायत, वितळायला चाललीयत सगळी. मग त्यांनी ती जमवायला घेतली, आणि १९८१ साली हे उभं केलं. साडेचार हजारांवर भांडी. घागरी, लोटे, कढया, झारे, दुधाची भांडी, कुलपं, अडकित्ते. एकेका भिंतीवर नुसते डाव लावलेत.

मी आत गेलो आणि गप्पच झालो. कुटुंबं येत होती, जेवून पोट धरून फिरत होती, आणि गुजरातीत, हिंदीत, एक नागपूरकडचं कुटुंब होतं ते मराठीत, सगळे एकच वाक्य बोलत होते. बोट दाखवायचं आणि म्हणायचं, आमच्याकडे होतं. आमच्याकडे असंच होतं. एक आजीबाई एका मोठ्या हंड्यासमोर उभ्या राहून सुनेला सांगत होत्या, "याच्याहून मोठा होता आपला." सून म्हणाली, "हो आई." ती आधीही ऐकून असणार.

ताजमहालासमोर उभं राहून कुणी असं म्हणत नाही. म्हणजे म्हणता येत नाही. पण माझं तिकडे लक्षच नव्हतं, मी त्या १९८१ वर अडकलो होतो. कारण पटेल तिकडे भांडी वाचवत होते त्याच्या पुढेमागेच, तीन-चार वर्षांच्या फरकाने, आमच्या घरातली सगळी भांडी मोडीत गेली.

मोडीत निघणं हा शब्द आपण सरकारं, लग्नं, योजना सगळ्याला वापरतो, पण मी तो खरोखर बघितलाय. गीझर बसवला त्या वर्षीची गोष्ट. बंबाचं काम संपलं. बाबा म्हणाले, बंब निघतोच आहे तर हंडे, परात, पिंपं पण काढू, मोड घालून स्टीलचा सगळा सेट येतो. हातगाडी आणली. बंब एकट्याला उचलेना म्हणून मी आणि शेजारचा दादा हात लावायला. भांड्यांच्या दुकानात मोठा तराजू, त्यात दुकानदाराने बंब ठेवला तो तसा मावेना, मग त्याने हातोडा घेतला आणि आमच्यासमोर तो चेपला. आतून राख पडली. सकाळची होती की काय, मला ती गरम असेल असं वाटलं, हात लावून बघितला, गारच होती. परत येताना हातगाडीवर स्टीलचे डबे, उतरत्या क्रमाने सात, वर आमची नावं मशीनने कोरलेली, फुकट.

आई त्या दिवशी फार खूश होती. आणि का नसेल? दर सणाच्या आधी ती आणि काकू मागच्या अंगणात बसून चिंच आणि राख घेऊन ती भांडी घासायच्या, दोन-दोन तास, हातांना चिरा पडायच्या, त्यात चिंच जायची. कल्हईवाला आला की आम्हा पोरांची चैन, भाता हलवायला मिळायचा, नवसागराचा पांढरा धूर, कथलाची कांडी पातेल्यात फिरवून कापसाने पुसलं की काळ्याचं चांदीसारखं व्हायचं आणि मग पाण्यात बुडवलं की चर्रर्र. पण त्याचे पैसे देताना आईचं तोंड बघण्यासारखं असायचं. अशा संग्रहालयांतून भांडी बघताना डोळे पाणावणारे बहुतेक पुरुष का असतात, याचं उत्तर मला त्या चिंचेत दिसतं. स्टील आलं आणि आई दुपारी झोपायला लागली. तिला बंबाचं काही विचारलं तर अजून म्हणते, "गेला ते बरं झालं बाई, एकदाचा."

आजी मात्र त्या दिवशी हातगाडी गेल्यावर जिन्यात बसून होती. रडत वगैरे नव्हती, तिचा तो स्वभाव नव्हता, नुसती बसलेली. आणि चार दिवसांनी आईने तांदूळ काढायला डब्यात हात घातला तर अगदी तळाशी काहीतरी टणक लागलं. चिपटं. सगळ्यांबरोबर तेही जायचं होतं, बाबांनी मोजून काढलेल्या वस्तूंत होतं ते. आजीने रात्रीतून उचलून तांदळात पुरलं होतं. बाबा चिडले, स्टीलचा कप आणलाय ना मापाला, म्हणाले. आजी म्हणाली, "माप काय कुणाच्या घरचं चालतं होय?" याचा अर्थ मला तेव्हा कळला नाही, आता कळलाय असंही नाही. माहेरचं एवढंच राहिलं होतं तिच्याकडे, हे मला खूप उशिरा सुचलं, तेही ते झिजलेलं आडनाव वाचायला गेलो तेव्हा.

गोव्यात बाणावलीला 'गोवा चित्र' म्हणून आहे, व्हिक्टर ह्युगो गोम्स यांनी जमवलेलं, २००९ साली सुरू झालेलं, शेतीची अवजारं, घरातल्या वस्तू, आणि इमारतच मुळी पाडलेल्या जुन्या घरांची दारं-खिडक्या वापरून बांधलेली. तिथे मी एका दारापाशी उगाच रेंगाळलो. कडीच्या खाली लाकूड गुळगुळीत झालेलं होतं, हात लागून लागून. याची पाटी कुणी लावत नाही. कुणी लपवलं होतं, कुणावरून भांडण झालं होतं, कुणाच्या सासूने कुणाला मोजून तांदूळ दिले होते, हे असलं मला वाचायचं असतं आणि पाटीवर असतं साहित्य पितळ, एकोणिसावे शतक.

असो. तर लेकीला मी म्हटलं, ते चिपटं दे. ती म्हणाली, मग माझे हायलायटर कुठे ठेवू? म्हटलं, स्टीलचा डबा देतो, सातातला सगळ्यात छोटा, त्यावर आजोबांचं नावपण आहे. तिने तो उलटासुलटा करून बघितला आणि म्हणाली, हा अजूनच भारी आहे.

एव्हाना सव्वा वाजला होता. मी चिपटं धुतलं, पुसलं, तांदूळ घेतले, आणि मग फोन आला, फोनवर बोलता बोलता परत घेतले का एकदाच घेतले ते आठवेना. पाणी अंदाजाने घातलं. भात गिचका झाला. बायको आल्यावर झाकण काढून बघितलं आणि माझ्याकडे बघितलं, काही बोलली नाही. ताक घालून खाल्ला.