तुम्ही विचारलंत म्हणून: कचरा फुकट, मग थैली महाग का?

प्रदर्शनात कुणीतरी थैली हातात घेतं, आतून-बाहेरून बघतं, किंमत वाचतं आणि विचारतं, "ताई, कचऱ्याचीच ना ही? मग 650 रुपये कसले?" प्रश्न रास्त आहे. स्टॉलवर गर्दीत अर्धवटच सांगून होतं, म्हणून आज नीट सांगते.

सोलापुरात आम्ही प्लॅस्टिकच्या पट्ट्या कापून हातमागावर कापड विणतो. ताणा, म्हणजे उभे धागे, सुती; बाणा, म्हणजे आडवे, प्लॅस्टिकचा. एका थैलीत 40 ते 50 पाकिटं जातात: ब्रेडची, चिप्सची, धुण्याच्या पावडरीची, साड्यांवरची. 2018 साली राज्यात पिशव्यांवर बंदी आली तेव्हा लोकांना वाटलं, प्लॅस्टिक आता संपलंच. भाजीची पिशवी कमी झाली, ही वेष्टनं मात्र आहेत तशीच आहेत.

त्यातलं चिप्सचं पाकीट भंगारवाला घेत नाही. वेगवेगळ्या प्लॅस्टिकचे थर एकमेकांना चिकटवलेले, आत ॲल्युमिनियमचा मुलामा. ते थर सुटे होत नाहीत, म्हणून वितळवून पुन्हा वापरता येईल असा चांगला प्लॅस्टिकचा दाणा निघत नाही. आम्ही काहीच वितळवत नाही. आमच्या मागावर तेच पाकीट उलटं करून विणलं की जरीसारखं चमकतं. मला स्वतःला हे कापड सगळ्यात आवडतं.

पण मागावर पोचेपर्यंतच खरा खर्च होतो. पाकिटं आली की आधी निवडायची. दहा पोती आली तर तीन-चार पोती कामाची निघतात, बाकीची फाटकी, नाहीतर उन्हात राहून हात लावताच तुकडे पडणारी. मग प्रत्येक पाकीट कापून उघडायचं, साबणाच्या पाण्यात चोळायचं, दोनदा खळबळायचं, दोरीवर एकेक वाळत घालायचं. एकावर एक वाळवलं तर मध्ये ओल राहते आणि कापडाला कायमचा कुबट वास लागतो. पहिल्या वर्षी आमचा एक अख्खा तागा असाच टाकून द्यावा लागला. त्यात हे सोलापूर. उन्हाळ्यात नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं. आम्ही पाणी विकत घेतो, आणि शेवटच्या खळबळणीचं पाणी पुढच्या खेपेच्या पहिल्या धुण्याला वापरतो.

नंतर कात्री. आमच्याकडच्या बऱ्याच जणी आधी विड्या वळायच्या. तेंदूचं पान मापात कापून त्यांचा हात इतका बसलेला आहे की पट्टी कुठे रुंद होत नाही, कुठे अरुंद होत नाही. रुंदी बदलली की कापडाला पोट येतं. पट्ट्या जोडून चरख्यावर कांडी, म्हणजे छोटी नळी, भरायची, ती कांडी धोट्यात, म्हणजे बाणा इकडून तिकडे नेणाऱ्या लाकडी होडीत, आणि मग माग. आमचे विणकर मामा तरुणपणी चादरी विणायचे. पॉवरलूम आल्यावर त्यांचा माग माळ्यावर गेला होता, तो आम्ही खाली उतरवला. सूत दबतं, प्लॅस्टिक निसटतं, म्हणून त्यांना हाताचा ठोका नव्यानं बसवावा लागला. दिवसभरात ते जेमतेम तीन-साडेतीन मीटर विणतात.

तुमच्या 650 रुपयांतला निम्म्याहून जास्त भाग या हातांची मजुरी आहे. ती कमी करून थैली स्वस्त करायची मला इच्छा नाही.

आणखी एक सांगायलाच हवं. या थैलीनं प्लॅस्टिक नाहीसं होत नाही. ते काही वर्षं कामाला लागतं, इतकंच. म्हणून फाटलेली थैली आम्ही परत घेतो, ठिगळ लावून देतो.

धुण्याचा खर्च मात्र तुम्ही खरंच कमी करू शकता. पाकीट रिकामं झालं की लगेच विसळा, सुकून घट्ट बसायच्या आत. दुधाची पिशवी कापताना कोपरा पूर्ण तोडू नका, लटकता ठेवा. तो चिमूटभर तुकडा पुन्हा कुणाच्याच हाती लागत नाही. आणि तेलाची पिशवी उभी चिरून तिच्या आतल्या बाजूवर पोळ्यांच्या कणकेचा गोळा फिरवा. तेल कणकेत जातं, पिशवी आमच्याकडे एका पाण्यात निघते.