रिलीज, लिबरेट, इमॅन्सिपेट: सुटकेच्या छटा

मराठीत 'सोडणे' म्हटलं की बहुतेकदा भागतं; इंग्रजीत कोणी, कशातून सोडलं यावर शब्द ठरतो. 'रिलीज' म्हणजे नुसती पकड सुटणं, मग तो हँडब्रेक असो वा कैदी. जामिनावरचा आरोपी 'रिलीज' होतो. 'अक्विट' व्हायला खटल्यात निर्दोष ठरावं लागतं. भाषांतरात घोळ होतो तो इथेच. 'लिबरेट'मध्ये जुलमी सत्ता गृहीत असते, म्हणून १९४४ मध्ये पॅरिस 'लिबरेट' झालं. रुग्णाला मात्र 'डिस्चार्ज'च द्यावा, नाहीतर रुग्णालयाचा तुरुंग व्हायचा! खरी गंमत 'मॅन्युमिट' आणि 'इमॅन्सिपेट'ची. दोन्हींत लॅटिन 'मानुस', म्हणजे हात, दडलाय. मालकाने स्वतःचा गुलाम मुक्त केला तर 'मॅन्युमिट'. कायद्याने किंवा सरकारी हुकमाने बंधनच तोडलं तर 'इमॅन्सिपेट'. लिंकन यांची १ जानेवारी १८६३ची घोषणा म्हणूनच 'इमॅन्सिपेशन'ची.