पिशवीतला भात

कुंदा, म्हणजे आमच्याकडची खव्याची मिठाई, आला तो सीलबंद बरणीत, बर्फात. मसालेभात मात्र दुकानाच्या प्लॅस्टिक पिशवीत, गाठ मारून, मे महिन्याच्या उन्हात, खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यातून थेट बेळगावात आमच्या लॅबच्या टेबलावर. नमुने गोळा करणाऱ्यानं गुन्हेगार आधीच ठरवला होता.

खरं सांगायचं तर तो मीच ठरवून दिला होता. वास्तुशांतीचं जेवण बाराला, दोनपासून उलट्या, ताप नाही. फोनवर एवढं ऐकलं आणि बोलून गेलो, "स्टॅफिलोकोकस दिसतोय. खव्याचं काही होतं का?" हाताळणाऱ्याच्या बोटावरची जखम पुरते, आणि हा जंतू साखरेलाही दाद देत नाही. संध्याकाळी गावभर झालं, लॅबवाल्यानं कुंदा सांगितला. मिठाईवाल्याचं दुकान दोन दिवस बंद.

25 ग्रॅम नमुना, 225 मिली द्रावण, मग दहा-दहा पटीनं पातळ करत जंतू वाढवायच्या थाळ्या. कुंद्याच्या थाळ्या कोऱ्या. स्टॅफिलोकोकसच्या विषाची किट लावली, तीही निगेटिव्ह. भाताच्या थाळ्या उघडल्या आणि मी सहकाऱ्याला हाक मारली: गुलाबी, खरबरीत वसाहती, प्रत्येकीभोवती थाळीत घातलेल्या अंड्याच्या बलकातलं पांढरट वलय. बॅसिलस सेरियस, ग्रॅमला काही लाख. अशी देखणी थाळी वर्षातून एखादी मिळते.

आचाऱ्याला विचारलं. सकाळी दुसरीकडे ऑर्डर होती म्हणून 30 किलो तांदळाचा भात रात्री दहालाच उरकलेला. पातेल्यावर झाकण, झाकणावर पोतं. "सकाळी परत वाफ काढलो की ओ साहेब, हात लावायला येत नव्हता एवढा गरम केलो." खोटं बोलत नव्हता बिचारा. पण या जंतूचे बीजाणू, म्हणजे त्याचं कवचातलं निद्रिस्त रूप, शिजवूनही मरत नाहीत. भात 60 अंशांखाली उतरला की ते रुजतात, आणि पोत्याखाली एवढ्या मोठ्या पातेल्याचं पोट रात्रभर कोमटच राहतं. उलट्या करवणारं त्यांचं विष 121 अंशांवर दीड तास ठेवलं तरी टिकतं, तिथं सकाळची वाफ काय करणार? भात पहाटे लावला असता तर भागलं असतं.

तरीही अहवालात 'संभाव्य' लिहावं लागलं. त्या लाखांतले किती पातेल्यात वाढले आणि किती पिशवीत, हे मी छातीठोक सांगू शकत नाही. भातातलं विष थेट मोजायचं यंत्र आमच्याकडे नाही.

चौथ्या दिवशी आजाऱ्यांची यादी आली. त्यात एक मधुमेही आजोबा, कुंद्याला हातही न लावलेले. शिवाय शेरा: भात न खाता दोन वाट्या कुंदा चापलेला एक मुलगा ठणठणीत. फोनवर एवढं विचारलं असतं तर!

परवा खानापूरला त्या दुकानात गेलो. ओळख दिली नाही. अर्धा किलो कुंदा मागितला, तर तराजूत घालता घालता, मी काही न विचारताच मालक म्हणाला, "आजचाच हाय बघा."