बीडीएसचा आठवडा: वेळ नेमका कुठे जातो

सोमवार

बीडीएस ही दातांच्या डॉक्टरची पदवी, म्हणजे चार वर्षं शिक्षण आणि पाचवं वर्ष इंटर्नशिपचं. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, अवघड असतील ती जाडजूड पुस्तकं. पुस्तकं अवघड आहेतच, पण ती रात्री अकराला उघडता येतात, गावी जाताना एसटीतही वाचता येतात. दिवस खातं ते हाताचं काम आणि पेशंटचं काम, कारण त्याचं घड्याळ आपल्या मनगटावर नसतं. प्लास्टर त्याच्या वेळेला सेट होतं, कवळीचं ॲक्रिलिक त्याच्या वेळेला शिजतं आणि पेशंट त्याच्या वेळेला येतो. म्हणून ‘वेळेचं नियोजन करा’ हा सल्ला डेंटलच्या मुलांना फारसा उपयोगी पडत नाही. कोणतं काम थांबू शकतं आणि कोणतं थांबू शकत नाही, हे आधी वेगळं करावं लागतं. घर, मित्र, छंद, पुढची परीक्षा यांची जागा त्यानंतरच दिसायला लागते.

पहिल्या वर्षाचं वॅक्स कार्व्हिंग, म्हणजे मेणाच्या ठोकळ्यातून दात कोरणं, हे थांबू शकणारं काम. वरच्या मधल्या पटाशीच्या दाताचा क्राउन (हिरडीबाहेरचा भाग) साडेदहा मिलिमीटर लांब, मूळ १३ मिलिमीटर, क्राउनची रुंदी साडेआठ, जाडी सात. ही मापं पाठ असली की ठोकळा कुठेही कोरता येतो. वेळ वाया जातो तो एका चुकीमुळे. मुलं एक बाजू पूर्ण गुळगुळीत करून मगच दुसरीकडे वळतात. आधी समोरून बाह्यरेषा काढून दोन्ही बाजूंचं मेण उतरवायचं, मग ठोकळा फिरवून बाजूची बाह्यरेषा काढायची, आणि चारही बाजू मापात आल्याशिवाय पॉलिशला हात लावायचा नाही. गुळगुळीत केलेला पण अर्ध्या मिलिमीटरने कमी भरलेला दात रिपीटच होतो. मेण परत चढवता येत नाही.

मंगळवार

आज डेंचरबद्दल, म्हणजे कवळीबद्दल, लिहायचं आहे, कारण तिसऱ्या-चौथ्या वर्षातल्या मुलांचे शनिवार-रविवार सगळ्यात जास्त इथेच जातात.

कम्प्लीट डेंचरच्या एका केसला पेशंटच्या किमान पाच भेटी लागतात: प्रायमरी इम्प्रेशन (हिरड्यांचं पहिलं माप), सेकंडरी इम्प्रेशन (नेमकं माप), जॉ रिलेशन (दोन जबड्यांचा मेळ), ट्राय-इन (मेणावरची कवळी घालून बघणं) आणि इन्सर्शन (तयार कवळी बसवणं). प्रत्येक दोन भेटींच्या मध्ये लॅबचं काम आहे आणि ते झालं नसेल तर पुढची भेट फुकट जाते. समोर बसलेले आजोबा सत्तरीचे असतात, कोणाला तरी सोबत घेऊन पहिल्या गाडीने आलेले असतात. त्यांची एक फेरी वाया गेली तर पुढच्या वेळी ते येतीलच असं नाही. ते आले नाहीत तर केस अर्धवट, कोट्यात (पूर्ण करायच्या केसच्या ठरलेल्या संख्येत) धरली जात नाही, आणि सगळं पहिल्यापासून नव्या तोंडात सुरू करावं लागतं. कोटा पुरा होत नाही म्हणून रडकुंडीला आलेल्या मुलांच्या जर्नलमध्ये, म्हणजे कामाच्या नोंदवहीत, बघावं, अर्धवट केसच जास्त सापडतात.

म्हणून केस सुरू करण्याआधी पेशंटचं कॅलेंडर विचारून घ्यावं. पेरणी कधी, आषाढीला वारीला जाणार का, मुंबईतला पेशंट असेल तर गणपतीला कोकणात किती दिवस, घरात लग्न आहे का. हे विचारलं की पाच तारखा त्याच बैठकीत ठरवता येतात, आणि त्यांच्याच आधारे आपल्यालाही घरी जायचा रविवार आधीच कळतो. सोबत येणाऱ्या मुलाचा किंवा सुनेचा फोन नंबर केसपेपरवर हवाच, आजोबांचा फोन बहुतेक वेळा बंद असतो.

आता लॅबचं घड्याळ. १०० ग्रॅम डेंटल स्टोनला (जास्त कडक होणाऱ्या प्लास्टरला) २८ ते ३० मिलिलिटर पाणी, साध्या प्लास्टरला ४५ ते ५०. घाईत डोळ्यांनी अंदाज घेऊन पाणी जास्त झालं की कास्ट (मापावरून ओतलेली प्रतिकृती) ठिसूळ होतं आणि फ्लास्किंगच्या वेळी, म्हणजे ते धातूच्या डब्यात प्लास्टरमध्ये बसवताना, तुटतं. अल्जिनेट या मऊ पदार्थात इम्प्रेशन घेतल्यावर चहाला जायचं नाही. ते हवेत राहिलं तर पाणी सोडून आकसतं, पाण्यात बुडवून ठेवलं तर फुगतं. धुऊन, निर्जंतुक करून दहा-पंधरा मिनिटांत त्यात स्टोन ओतायचा. ओतल्यानंतर मात्र पाऊण तास ते तासभर त्याला हात लावायचा नसतो. चहा, घरी फोन, जर्नलचं एक पान, सगळं त्या तासात बसतं. क्रम एवढाच आहे: आधी ओतणं, मग चहा. उलटा केला की माप चुकतं आणि पेशंटला परत बोलवावं लागतं.

ॲक्रिलिक करायच्या दिवशी संध्याकाळी कुठलाही बेत आखू नये. फ्लास्किंगच्या प्रत्येक थराला सेट व्हायला वेळ लागतो, मग उकळत्या पाण्यात चार-पाच मिनिटं ठेवून मेण काढायचं, साचा गरम असतानाच ॲक्रिलिक चिकटू नये म्हणून सेपरेटिंग मीडियम लावायचं, ॲक्रिलिकची पावडर आणि मोनोमर (तिच्यात मिसळायचा द्रव) आकारमानाने तीनास एक घेऊन पिठाच्या गोळ्यासारख्या अवस्थेत भरायचं. क्युरिंगचा (ॲक्रिलिक शिजवण्याचा) छोटा मार्ग म्हणजे ७४ अंश सेल्सिअसला दोन तास आणि पुढे १०० अंशांना एक तास. लांबचा मार्ग ७४ अंशांना आठ तास, तो रात्रभर लावून ठेवता येतो. सहाच्या क्लासला पोहोचायचं म्हणून कोणी सुरुवातीलाच पाणी उकळवतं. मोनोमर साधारण १०० अंशांनाच उकळतो, त्यामुळे डेंचरच्या जाड भागात आत बुडबुडे राहतात आणि आठवड्याभराची मेहनत एका संध्याकाळपायी जाते. गरम फ्लास्क नळाखाली धरून थंड करणंही तसंच, डेंचर वाकतं. पॅकिंग, म्हणजे साच्यात ॲक्रिलिक भरणं, दुपारी दोनला सुरू होणार असेल तर लांबचा मार्ग घ्यावा, किंवा ते काम दुसऱ्या दिवशी सकाळी ठेवावं. दुसऱ्या दिवसावर टाकणं म्हणजे आळस नव्हे, उलट त्यात दिवस वाचतात.

बुधवार

हवामानाचाही वेळापत्रकावर हक्क असतो. मुंबईच्या जुलैमध्ये माप घ्यायची झिंक ऑक्साइड युजेनॉलची पेस्ट दमटपणामुळे लवकर घट्ट होते. ट्रे तोंडात नेईपर्यंत ती आटोपलेली असते. काचेची पट्टी कोरडी करून घ्यावी आणि मिसळताना गप्पा नकोत. नागपूरच्या एप्रिल-मेमध्ये मेणावर रचलेले दात खोलीत उघड्यावर ठेवले तर सकाळपर्यंत हललेले असतात. मेणातला ताण उष्णतेने सुटतो आणि दात सरकतात. रचना झाल्यावर ती गार पाण्यात ठेवावी आणि सुट्टीला गावी जाताना बॅगेत घालून नेऊ नये.

हॉस्टेलवर काय नेता येतं आणि काय नाही, तेही ठरवून घ्यावं. ऑर्थोचं (दात सरळ करायच्या विभागाचं) वायर बेंडिंग, म्हणजे तारा वाकवणं, खोलीत निवांत करता येतं. प्लेट दाताला धरून ठेवणाऱ्या ॲडम्स क्लॅस्पला ०.७ मिलिमीटरची तार, दात सरकवणाऱ्या फिंगर स्प्रिंगला ०.५. एकाच जागी तार पुन्हा पुन्हा वाकवून सरळ केली की ती कडक होऊन तिथेच तुटते, म्हणून वाक चुकला तर नवा तुकडा घ्यावा. तारेची किंमत वेळेपेक्षा कमी आहे. टीथ सेटिंग, म्हणजे मेणावर दात रचणं, खोलीवर करणारे पुष्कळ आहेत, पण स्पिरिट लॅम्प आणि गादी एका खोलीत, हे मला कधीच पटलेलं नाही. मोनोमर तर खोलीवर आणूच नये. तो पेट घेतो आणि बंद खोलीत त्याच्या वाफेने डोकं धरतं. शेजारच्या पलंगावर झोपलेल्या मुलाने त्याला संमती दिलेली नसते.

गुरुवार

क्लिनिकल पोस्टिंगमध्ये, म्हणजे एकेका विभागात पेशंट बघायच्या पाळीत, दुसरी मोठी गळती रूट कॅनालची. पहिल्या दिवशी दात उघडून नस काढली की ठणका थांबतो आणि पेशंट दिसेनासा होतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही, तो दुखत होतं म्हणून आला होता आणि दुखणं गेलं. पुढची तारीख देतानाच नीट सांगायला हवं: ‘काका, आतली नस काढली म्हणून ठणका थांबलाय. दात आतून पोकळ आहे. वर घातलंय ते तात्पुरतं सिमेंट, ते झिजेल, लाळ आत जाईल आणि पू धरेल. मग दात काढावा लागेल.’ सोप्या मराठीत सांगितलेली ही चार वाक्यं कुठल्याही छापील कार्डापेक्षा जास्त पेशंट परत आणतात. तात्पुरतं सिमेंट तीन-चार मिलिमीटर जाड असावं, त्याहून पातळ थर टिकत नाही. आणि पुढची तारीख आठवड्याच्या आतली द्यावी.

मराठी माध्यमातून आलेल्या मुलांनी इथे न्यूनगंड बाळगायचं काही कारण नाही. थंड लागल्यावर सणक येते आणि लगेच जाते, की रात्री आडवं झालं की ठणका वाढतो, हा फरक विचारता आला की निम्मं निदान तिथेच होतं. व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, इंग्रजी लागतं हे खरं. पण ते रोज मोठ्याने दहा मिनिटं उत्तरं म्हणून सुधारतं, त्यासाठी वेगळा क्लास नको.

हजेरीचं पक्कं ध्यानात ठेवावं. थिअरी आणि प्रॅक्टिकलची हजेरी वेगवेगळी मोजली जाते आणि दोन्हीकडे किमान ७५ टक्के लागतात. चुलत बहिणीच्या हळदीला जायचं असेल तर जरूर जावं, पण ज्या दिवशी पेशंटची तारीख नाही आणि ज्या विषयात हजेरीला सवड आहे तो दिवस निवडून. नुसतं ‘सुट्टी मिळणार नाही’ म्हणून वर्षभर घरी न जाणाऱ्यांची मला काळजी वाटते, कारण त्यांच्यातले पुष्कळ जण परीक्षेच्या तोंडावर कोसळतात.

शुक्रवार

शरीराबद्दल. मान आणि कंबर दुसऱ्या वर्षाच्या फँटम हेडवरच (सरावासाठीच्या कृत्रिम डोक्यावरच) बिघडायला लागतात. पेशंटचं तोंड आपल्या कोपराच्या उंचीला यायला हवं. वरच्या दातांसाठी चेअर पूर्ण आडवी, खालच्या दातांसाठी जराशी उचललेली. आणि वरचे दात आरशात बघूनच करायचे. ज्याला आरशाचा सराव नाही तो मान मोडून आत डोकावतो आणि तेच अंगवळणी पडतं. घरी छोट्या आरशात बघत कागदावर अक्षरं गिरवायची, रोज दहा मिनिटं. महिन्याभरात हात ऐकायला लागतो.

हिपॅटायटिस बी ची लस क्लिनिकमध्ये पाऊल टाकण्याआधी सुरू करावी: आज, एक महिन्याने, सहा महिन्यांनी. शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी अँटीबॉडीची तपासणी करावी. मिलिलिटरला १० मिली इंटरनॅशनल युनिट किंवा त्याहून जास्त आली तर संरक्षण मिळालं. ही तपासणी मुलं सर्रास टाळतात.

सुई टोचली तर साबण-पाण्याने धुवायचं, बोट पिळायचं नाही आणि लगेच स्टाफला सांगायचं. एचआयव्हीवरचं प्रतिबंधक औषध लागणार असेल तर ते शक्यतो दोन तासांत आणि फार तर ७२ तासांत सुरू व्हावं लागतं, आणि २८ दिवस घ्यावं लागतं. पोस्टिंग बुडेल, मॅडम रागावतील म्हणून लपवणारी मुलं आहेत. एवढं एक तरी लपवू नका रे. बुडलेली पोस्टिंग भरून काढता येते.

शनिवार

कमी लिहितो. जर्नल त्याच दिवशी लिहावं आणि सही त्याच आठवड्यात घ्यावी. सबमिशनच्या आदल्या रात्री चाळीस पानं उतरवताना ना काही शिकून होतं ना झोप होते. आठवड्यातून एक संध्याकाळ अशी असावी की जिच्यात दात हा शब्दही नाही. तबला असो, क्रिकेट असो, नाटकाची तालीम असो. ती संध्याकाळ ॲक्रिलिकच्या दिवसाला लागून ठेवू नये, एवढंच.

रविवार

पुढचं काय, हा प्रश्न चौथ्या वर्षात सुरू होतो. त्या वर्षी आठ क्लिनिकल विषय, कोटा आणि घरून येणारी स्थळं एकाच वेळी येतात. विशेषतः मुलींना. एमडीएस (पदव्युत्तर पदवी) करायचं असेल तर नीट-एमडीएस ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते: तीन तास, २४० प्रश्न, बरोबर उत्तराला चार गुण आणि चुकीच्याला वजा एक. त्यासाठी चौथ्या वर्षात वेगळा अभ्यास काढण्यापेक्षा पोस्टिंगचाच विषय त्याच महिन्यात प्रश्न सोडवून पक्का करावा. पेरिओची, म्हणजे हिरड्यांच्या विभागाची, पोस्टिंग असताना पेरिओचे प्रश्न. हाताखालचा पेशंट बघून वाचलेलं विसरत नाही. ब्रिटनला जायचं असेल तर ओआरई ही परीक्षा आणि अमेरिकेला आयएनबीडीई. दोन्हीचा खर्च आणि वर्षं मोठी आहेत, ती वाट घरी बसून आकडे मांडल्याशिवाय धरू नये. सगळ्यांनी एमडीएस केलंच पाहिजे असंही मला वाटत नाही. तालुक्याच्या गावी चांगलं फिलिंग, चांगलं रूट कॅनाल आणि बसणारं डेंचर देणारा बीडीएस डॉक्टर हवाच आहे.

एक गोष्ट मात्र मुलांना फार उशिरा कळते. नीट-एमडीएसला इंटर्नशिप पूर्ण होण्याची कट-ऑफ तारीख असते. चौथ्या वर्षाचा एखादा विषय राहिला तर इंटर्नशिप पुढच्या बॅचबरोबर, म्हणजे साधारण सहा महिने उशिरा सुरू होते आणि ती तारीख हुकू शकते. इंटर्नशिपमध्ये मंजूर रजेपेक्षा जास्त गैरहजेरी झाली तरी तितके दिवस पुढे भरून द्यावे लागतात. मग लग्न, आजारपण, घरातलं कार्य, प्रत्येक दिवसाचा हिशेब कट-ऑफपासून मागे मोजावा लागतो. तेव्हा घरच्यांनी हॉल बुक करण्याआधी कॉलेजच्या ऑफिसमध्ये जाऊन तीन गोष्टी विचारून घ्याव्यात: इंटर्नशिप संपण्याची तारीख, शिल्लक रजा, आणि ग्रामीण केंद्राची पोस्टिंग कोणत्या महिन्यात आहे. आणि त्या ऑफिसमधल्या माणसाच्या तोंडून न ऐकता कागदावर घ्याव्यात.