कापीसमधल्या रात्रीच्या ‘अस्वांग टूर’वर एक पेसोही घालवू नका

फिलिपिन्सच्या कापीस प्रांतात ‘रात्री अस्वांग दाखवतो’ म्हणणारा कुणी भेटला तर सरळ नाही म्हणा. मी हो म्हटलं. अडीच हजार पेसो गेले, पण त्याहून जे बघावं लागलं त्याचा संताप अजून उतरलेला नाही.

अस्वांग म्हणजे दिवसा चारचौघांत वावरणारं आणि रात्री माणसाचं मांस खाणारं भूत. त्यातली मनानंगाल कमरेपासून सुटी होऊन वरच्या धडानं उडते, छपरावरून लांबलचक जीभ खाली सोडते आणि गरोदर बाईच्या पोटातला गर्भ शोषते. मागे राहिलेल्या धडावर मीठ किंवा राख टाकली की तिला परत जुळता येत नाही. बाळंतपणाच्या वेळी नवऱ्यानं खांबांवरच्या घराखाली बोलो, म्हणजे त्यांचा कोयता, घेऊन पहारा करायची जुनी रीत आहे. माझ्या आजीनं बाळंतिणीच्या उशाशी ठेवलेला विळा मी लहानपणी पाहिला होता. म्हणून मला तिथं जायचंच होतं.

मनिलात विचारलं, ‘कापीसला जा.’ इलोइलोत विचारलं, तरी कापीसच. व्हॅननं तीनेक तासांत कापीसची राजधानी रोहास सिटीला पोचले, तर तिथल्यांनी बोट पलीकडच्या गावाकडे दाखवलं. तेव्हाच उलगडायला हवं होतं. त्याऐवजी मी एका वाटाड्याबरोबर रात्री आठला निघाले. तासभर ट्रायसिकल, म्हणजे बाजूला डबा जोडलेली मोटरसायकल, पुढे चार किलोमीटर हबाल-हबाल, म्हणजे एका मोटरसायकलवर तिघं. पाऊस पडून गेला होता आणि वाट निव्वळ चिखलाची. दोनदा उतरून गाडी ढकलली. गुडघ्यापर्यंत चिखल, टॉर्च एकच, तोही त्याच्या हातात.

वाट संपली एका नारळाच्या झावळ्यांच्या घराशी. वाटाड्यानं न विचारता आत टॉर्च मारला. बाकावर चाळिशीचा एक माणूस बसला होता. मान एका बाजूला पिळवटलेली, जीभ राहून राहून बाहेर येत होती. बायको चमच्यानं पातळ भात भरवत होती आणि प्रत्येक घासानंतर टॉवेलनं त्याची हनुवटी पुसत होती. उजेडानं त्यानं डोळे मिटून घेतले. ‘बघा,’ वाटाड्या म्हणाला. मी त्याच्या हातातला टॉर्च खाली दाबला. त्या बाईची माफी मागितली, तर तिनं आम्हाला कॉफी घेणार का विचारलं.

त्या आजाराला तिथं ‘लुबाग’ म्हणतात, म्हणजे पिळवटलेला. एक्स गुणसूत्रावरच्या टीएएफ1 जनुकातल्या दोषामुळे तो होतो. आईकडून मुलाकडे जातो, होतो मुख्यतः पुरुषांना, बहुधा चाळिशीच्या आसपास. तो संसर्गजन्य नाही. जगात सगळ्यात जास्त रुग्ण पनाय बेटावर, त्यातही कापीसमध्ये. डॉक्टरांनी त्याची नोंद 1976 साली केली. त्याआधी अशा माणसाला शेजारीपाजारी काय म्हणत असतील ते सांगायला नको. अस्वांगची गोष्ट लुबागमुळे जन्मली असं मात्र मला वाटत नाही. गोष्ट साऱ्या फिलिपिन्सभर आहे. कापीसच्या माथी ती एवढी घट्ट का बसली, ते या आजारावरून कळतं.

येताना वाटाड्याला विचारलं, तुमच्या गावात आहे का अस्वांग? ‘छे, आमच्याकडे कधीच नव्हता.’

1589 साली हुआन दे प्लासेन्सिया या फ्रान्सिस्कन पाद्र्यानं मनिलाच्या आसपासच्या टागालोग लोकांच्या चालीरीती लिहून काढल्या. त्यातल्या एका यादीत ‘ओसुआंग’, म्हणजे अस्वांगच, आहे: उडतो, माणसं मारून खातो. आणि पुढे लगेच, हे विसायस बेटांवरचं (पनाय त्यातलंच), टागालोगांत असलं काही नाही. म्हणजे तेव्हाही बोट पलीकडेच! ज्या यादीत हा राक्षस, त्याच यादीत त्यानं पूजाविधी करणारे कातालोनानही सैतानाचे पुजारी म्हणून घातले. देवऋषी, चेटूक करणारा आणि नरभक्षक एकाच टोपलीत. मला या गोष्टीचं मूळ चिखलातल्या त्या घरापेक्षा या यादीत जास्त दिसतं.

आता पैशांचं. ट्रायसिकलवाला ‘स्पेशल?’ विचारतो तेव्हा हो म्हणू नका. त्याचा अर्थ अख्खी गाडी तुमच्या एकट्याच्या नावावर. भाडं बसण्याआधी ठरवा, वीस-पन्नासच्या नोटा जवळ ठेवा. हबाल-हबालवाल्यानं परतीला आठशे जादा मागितले. रात्री त्या चिखलात घासाघीस करायचं त्राण नव्हतं, दिले.

समुद्रावरची मासळी उत्तम, त्यावर इतरांनी भरपूर लिहिलंय. वेळ असेल तर सकाळी कापीसमधल्याच पनाय नावाच्या गावच्या सांता मोनिका चर्चला जा. तिथली 1878 सालची घंटा सत्तर पोती नाणी वितळवून ओतलेली आहे, वजन दहा टनांवर. आणि परतीच्या व्हॅनची वेळ आदल्या दिवशीच विचारून ठेवा. मी विचारली नाही, ओल्या बुटांत दोन तास टर्मिनलच्या बाकावर बसून राहिले.